फडातली झोप, प्रश्नावलीतली झोप : ऊसतोड कामगारांसोबतच्या मानसिक आरोग्य अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर

साधन ठरलं : पीएचक्यू-९. हंगामाच्या काळात ऊसतोड कामगारांमध्ये नैराश्याची लक्षणं कितपत आढळतात, हा आमचा मुख्य प्रश्न. त्यासाठी नऊच प्रश्नांची, विनाशुल्क वापरता येणारी, मराठीत उपलब्ध असलेली आणि जगभर वापरली जाणारी प्रश्नावली घेणं शहाणपणाचं, यावर मार्गदर्शक मॅडमचं आणि माझं एकमत आहे. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असं विचारायचं आणि उत्तराला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २७. ५, १०, १५ आणि २० हे तीव्रतेचे टप्पे, त्यांतला १० हा सर्वाधिक वापरला जाणारा उंबरठा.

हा उंबरठा आला कुठून, तेही इथे लिहून ठेवते. मूळ अभ्यासात अमेरिकेतल्या प्राथमिक उपचार आणि स्त्रीरोग दवाखान्यांतले ६,००० रुग्ण होते. त्यांतल्या ५८० जणांची मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली आणि तिच्याशी गुण ताडून पाहिले. दहा किंवा जास्त गुण धरले तर नैराश्य असलेल्या शंभरांतले ८८ हाती लागत होते आणि नसलेल्या शंभरांतले ८८ बरोबर वगळले जात होते. चांगली कामगिरी आहे. पण ती दवाखान्यात आलेल्या माणसांवरची आहे.

संध्याकाळी वहीत साधी बेरीज केली. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. या तिन्हींना कोणी ‘जवळजवळ रोज’ म्हटलं की नऊ गुण तिथेच झाले. उरलेल्या सहा प्रश्नांत कुठेही एक गुण पडला की माणूस उंबरठ्यावर. जो पहाटे तीनला उठून कोयता हातात घेतो, दिवसभर तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावरून वाहतो आणि रात्री गाडी आली की पुन्हा भरायला जातो, त्याला हे तीन प्रश्न नेमकं काय विचारतात? मनाची अवस्था की कामाचे तास? संपूर्ण अभ्यासाचा भार या एका शंकेवर आहे. ती आधी निस्तरायची, मगच माहिती गोळा करायला सुरुवात करायची.

११ डिसेंबर

प्रश्नांचा क्रम. मसुद्यात सुरुवातीलाच उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादमाकडची म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडची बाकी, खाड्याचा दंड, पोरांची शाळा हे सगळं होतं आणि शेवटी पीएचक्यू-९. तो क्रम आज उलटा केला.

याला आधार जुना आणि भक्कम आहे. स्ट्रॅक, मार्टिन आणि श्वार्झ यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले होते : एकूण आयुष्यात किती सुखी आहात, आणि किती वेळा डेटवर जाता. सुखाचा प्रश्न आधी असताना दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी जवळपास संबंधच नव्हता, सहसंबंध उणे ०.१२. डेटचा प्रश्न आधी आला, तेव्हा तोच ०.६६ झाला. आधीच्या प्रश्नाने जे मनात जागं केलं, त्याच्याच उजेडात माणूस पुढचं उत्तर देतो. आमच्याकडे अर्धा तास कर्जाची उजळणी करून मग ‘उदास वाटतं का’ विचारलं असतं, तर आमच्याच क्रमाने घडवलेली उदासी आम्ही मोजली असती.

नवा क्रम : साधी ओळख (गाव, तालुका, कितवा हंगाम), मग पीएचक्यू-९, मग कामाचे तास आणि झोपेची वेळ, आणि पैशांचा विषय सर्वांत शेवटी.

१४ डिसेंबर

पहिली पथदर्शी फेरी. कारखान्यापासून जवळच्या माळावर टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या आहेत, बहुतेक कुटुंबं बीड जिल्ह्यातल्या पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतली. आज गुण मोजायचेच नव्हते. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग विचारायचं : हे उत्तर देताना तुमच्या डोळ्यांपुढे काय होतं? प्रश्नावलीच्या चाचणीत ही विचार बोलून दाखवण्याची पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. टेबलावर बसून प्रश्न कितीही घासले तरी जे दिसत नाही, ते इथे पाच मिनिटांत दिसतं.

एक मावशी वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत बसल्या होत्या. हात थांबवले नाहीत, पण लक्ष देऊन ऐकत होत्या. झोपेचा प्रश्न वाचला : झोप लागण्यात किंवा टिकण्यात अडचण, किंवा जास्त झोप येणं. लगेच उत्तर आलं, “रोजच.”

“रोजच म्हणजे कसं, मावशी?”

“आता बघ, राती गाडी आली. भरून दिली तवा एक वाजला. तीनला पुन्हा उठले. कवा झोपायचं, सांग.”

“आणि पडल्यावर झोप लागते का?”

मावशी हसल्या. “पडल्यावर? अगं, डोकं टेकलं की मेल्यावाणी झोप. पोरगं रडलं तरी कळत न्हाई.”

कागदावर या प्रश्नाला ३ गुण गेले असते. आणि मावशींच्या झोपेत काडीचाही बिघाड नाही. त्यांना निजायला अवधीच मिळत नाही. निद्रानाश आणि झोपेची चोरी या दोन वेगळ्या गोष्टी एकाच खुणेत मिसळतात. प्रश्नाच्या शब्दांत तशी काही खोट नाही, तो अडचणीबद्दलच विचारतो. पण ऐकणाऱ्याच्या आयुष्यात झोपेची सर्वांत मोठी अडचण गाडी ही आहे, त्यामुळे उत्तर गाडीचंच येणार.

शेजारच्या कोपीतल्या तरुण बाईंनीही झोपेला ‘रोज’च म्हटलं. उलटून विचारल्यावर मात्र त्यांचं उत्तर वेगळं होतं. गाडी नसते त्या रात्रीही त्या छताकडे बघत पडून असतात. दोन लेकरं गावी सासूकडे ठेवली आहेत, धाकटी तापाने आजारी होती. एकच खूण, तेच ३ गुण, आणि दोन बायांच्या रात्रींत एवढं अंतर.

१५ डिसेंबर

कालच्या बाकीच्या प्रश्नांवरच्या नोंदी.

थकवा : सगळ्यांचं ‘रोज’. या प्रश्नाने कोणी कोणापासून वेगळं होतच नाही. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, तो माणसामाणसांतला फरक सांगू शकत नाही.

भूक : इथे दोन गट पडले. काहींना भूक आहे, पण जेवायला दुपारचे तीन वाजतात. काहींना समोर भाकरी आली तरी घास उतरत नाही. दुसऱ्या गटाकडे लक्ष हवं.

एकाग्रता : मूळ प्रश्नात वर्तमानपत्र वाचणं किंवा टीव्ही बघणं ही उदाहरणं आहेत. कोपीत दोन्ही नाही. उदाहरण ऐकूनच काही जण म्हणाले, “आपल्याकडं न्हाई ते.” हे उत्तर ‘अजिबात नाही’ म्हणून नोंदलं गेलं असतं. मोबाइलवर काही बघताना किंवा खर्चीचा (हातखर्चाला मिळणाऱ्या पैशांचा) हिशेब करताना, अशी दोन उदाहरणं ठरवली. हा बदल अहवालात शब्दशः छापायचा. मापनाचं साधन बदललं की ते सांगणं हे कर्तव्यच आहे.

सहावा प्रश्न, म्हणजे स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटणं. इथे मात्र मुलाखतीचा सूरच बदलत होता. जी माणसं झोप-थकव्याला फटाफट उत्तरं देत होती, ती या प्रश्नाला थांबत होती. एका दादांनी बराच वेळ विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, पोरीची शाळा माझ्यापायी सुटली. या प्रश्नाला शब्दांत हात लावायचा नाही.

१९ डिसेंबर

मॅडमशी लांब चर्चा. शारीरिक प्रश्न काढूनच टाकावेत, असा एक विचार होता. मी विरोध केला. झोप आणि भूक ही नैराश्याची खरी लक्षणं आहेत. छताकडे बघत पडलेल्या त्या बाईंची रात्र आम्हाला मोजायचीच आहे. शिवाय नऊच्या नऊ प्रश्न जसेच्या तसे ठेवले नाहीत, तर दुसऱ्या अभ्यासांशी तुलना संपली.

तोडगा असा : नऊ प्रश्न पूर्ण विचारून घ्यायचे, मध्ये कुठेही थांबायचं नाही. ते संपल्यावर तीन पुरवणी प्रश्न.

झोपेसाठी : ज्या रात्री गाडी नव्हती आणि निजायला वेळ होता, त्या रात्री झोप लागली का?

थकव्यासाठी : सकाळी उठल्यावर, कामाला हात लावायच्या आधीच गळून गेल्यासारखं वाटतं का?

भुकेसाठी : जेवण समोर असताना खावंसं वाटतं का?

गुण दोन प्रकारे काढायचे. एक मूळ पद्धतीने, तुलनेसाठी. दुसरे, पुरवणी उत्तरं लक्षात घेऊन. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे.

आज दुसरंही एक काम मार्गी लागलं. ‘काही दिवस’, ‘निम्म्याहून जास्त दिवस’, ‘जवळजवळ रोज’ हे पर्याय कानाने ऐकून लक्षात ठेवणं अवघड जातं. शेवटचा ऐकलेला पर्यायच तोंडी येतो. म्हणून सरळ दिवसच विचारायचे. अमेरिकेतल्या बीआरएफएसएस या आरोग्य सर्वेक्षणात आठ प्रश्नांची आवृत्ती अशीच वापरली गेली आहे : १४ पैकी ०-१ दिवस म्हणजे ० गुण, २ ते ६ म्हणजे १, ७ ते ११ म्हणजे २, १२ ते १४ म्हणजे ३. मुलाखतीच्या पिशवीत आता चौदा चिंचोके असतील. समोर पसरायचे, आणि जेवढे दिवस त्रास झाला तेवढे बाजूला सरकवायला सांगायचं. अक्षरओळख नसलेल्या आजीही सराईतपणे सरकवत होत्या, आणि दोन परत घेऊन “न्हाई, बाजाराच्या दिवशी बरं होतं” असं म्हणतही होत्या. उत्तर दुरुस्त करायची अशी मोकळीक छापील चौकटीत मिळत नाही.

२२ डिसेंबर

मुलाखतकारांचं प्रशिक्षण. दोघेही समाजकार्याचे पदवीधर, मनाने चांगले, आणि अडचण त्यातूनच येते. समोरचा माणूस दमलेला दिसला की होकार गृहीत धरणारा सूर लागतो : “दमायला होत असेलच, नाही का?” यावर कोण नाही म्हणेल? कागदावर आहे तेच वाक्य, त्याच चालीत, दरवेळी. समजलं नाही तर तेच पुन्हा, सावकाश. स्वतःचं स्पष्टीकरण जोडायचं नाही. परवानगी असलेली उदाहरणं कार्डावर लिहून दिली आहेत.

आमच्या पुरवणी भागात सहमत-असहमत धाटणीची विधानं होती, लिकर्टने १९३२ मध्ये रूढ केलेल्या पाचपदी श्रेणीची. महाविद्यालयात ती चालतात. इथे, शहरातून आलेल्या पाहुण्याचं विधान खोडायचं कसं, या भिडेने बहुतेक विधानांना मान डोलते. ती सगळी ‘किती वेळा’ किंवा ‘कोण’ अशा प्रश्नांत बदलली. ‘मुकादम आणि कारखाना आजारपणात मदत करतात’ या विधानात तर दोन प्रश्न एकात होते. आता : मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा दवाखान्याचे पैसे कोणी दिले?

२७ डिसेंबर

नववा प्रश्न. मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार.

तो वगळून आठच प्रश्न विचारायची सोय उपलब्ध आहे, आणि अनेक सर्वेक्षणं ती घेतात. आम्ही प्रश्न ठेवतो आहोत. विचारल्याने असा विचार मनात पेरला जातो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. पण विचारून पुढे निघून जाणं याला मी कधीच तयार होणार नाही. कोणी एक चिंचोका जरी सरकवला, तरी ठरलेला क्रम असा : चिंचोके बाजूला, वही बंद, मुलाखत तिथेच थांबवायची. पुढचे प्रश्न समुपदेशक विचारतील. प्रत्येक फेरीला त्या सोबत असतील, त्याशिवाय फेरीच निघणार नाही. त्यांनी माणसाशी बोलायचं, सोबत कोण आहे ते बघायचं, गरज वाटली तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. गाडीचा खर्च प्रकल्पाचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक सगळ्यांनाच द्यायचा, गुण कितीही असोत.

३ जानेवारी

खासगीपणा. कोपीला भिंत नाही, पाचट आणि ताडपत्री आहे. बाई बोलायला लागली की नवरा उत्तर देतो, तो नसला की सासू. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुलाखतीत तसं होऊन चालणार नाही. दोन मुलाखतकार एकाच वेळी बसतील, नवऱ्याशी पुरुष आणि बाईशी स्त्री मुलाखतकार, एकमेकांना ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. एक वाट बघत बसला की दुसऱ्याचं ऐकतो, तो प्रश्नच उरत नाही.

संमतीबाबत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार हवा. मुकादम निःपक्ष नाही. त्याची उचल प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. माळावर जायला त्याचा होकार लागेल, पण साक्षीदार म्हणून त्याची सही कुठेही घ्यायची नाही. गावातल्या शाळेतल्या शिक्षिका तयार झाल्या आहेत.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. तेव्हापासून फॉर्म घेऊन येणारे पुष्कळ झाले. “मागं पण लिहून नेलं” हे वाक्य प्रत्येक टोळीत ऐकू येतं. त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे. संमतीपत्रकात आता पहिलंच वाक्य आहे : या अभ्यासातून तुम्हाला कोणतीही योजना किंवा पैसे मिळणार नाहीत.

१७ जानेवारी

प्रत्यक्ष संकलन सुरू. दोन आठवड्यांची हद्द आखायला संक्रांतीचा उपयोग होत नाही, ती फार जवळ आली. म्हणून मुकादमाच्या पंधरवड्याच्या हिशेबाचा दिवस आणि दोन आठवडी बाजार धरतो : “मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत.” सगळ्यांना लख्ख आठवतं.

कारखान्यात बिघाड झाल्याने आज गाळप बंद, तोड बंद. माळावर कधी नव्हे ती दुपारची माणसं. सलग मुलाखती झाल्या, घाई नव्हती. पण अशा दिवशी घेतलेल्या उत्तरांवर विश्रांतीचा रंग चढलेला असणार, म्हणून तोड चालू की बंद, हे प्रत्येक कागदावर आजपासून नोंदायचं.

२५ जानेवारी

नोंदणी. ‘लागू नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ आणि ‘शून्य दिवस’ यांना तीन वेगळे संकेत. रिकामी जागा शून्य समजून बेरीज केली की गप्प राहिलेला माणूस आनंदी ठरतो.

९ फेब्रुवारी

पहिलं विश्लेषण. नऊ प्रश्नांचा क्रोनबाख अल्फा समाधानकारक आला. पण त्यावर थांबायचं नाही. क्रोनबाखने १९५१ मध्ये मांडलेला हा आकडा प्रश्न एकमेकांशी किती बांधलेले आहेत एवढंच सांगतो. दमलेल्या माणसांत झोप, थकवा आणि भूक एकमेकांशी घट्ट बांधलेली असणारच, आणि त्याने अल्फा वरच जाईल. ते प्रश्न आपल्याला हवं तेच मोजतात का, ही यथार्थतेची बाब वेगळी.

घटक विश्लेषणात (कोणत्या प्रश्नांची उत्तरं एकत्र चालतात ते बघणाऱ्या पद्धतीत) शारीरिक प्रश्नांचा एक गट आणि उदासी, अपराधीपणा, रस नसणं यांचा दुसरा गट वेगळा पडताना दिसतो आहे. इतर देशांतल्या अनेक अभ्यासांनीही असे दोन घटक नोंदवले आहेत. आमच्याकडे थकव्याच्या प्रश्नात जवळजवळ चढउतारच नाही, १५ डिसेंबरला दिसलं तसंच.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते : मूळ पद्धतीने दहाच्या वर गेलेल्यांपैकी बरेच जण पुरवणी उत्तरांनंतर खाली येतात. मात्र जे वरच राहतात, त्यांच्यात सहाव्या प्रश्नाचे गुण जास्त आहेत. मॅडमनी लगेच आठवण करून दिली की आमची पुरवणी पद्धत अजून कशाशीही ताडून पाहिलेली नाही. बरोबर आहे. त्याशिवाय तिच्यावर काहीही उभारायचं नाही.

१६ फेब्रुवारी

ताडून पाहण्याची व्यवस्था झाली. मानसोपचारतज्ज्ञ यादृच्छिक निवडलेल्या काहींच्या निदान मुलाखती घेतील. त्यांना आमचे गुण सांगितले जाणार नाहीत. ते माहीत असले तर निदान तिकडे झुकतं. निवडीत कमी, मध्यम आणि जास्त गुणांचे तिन्ही गट असतील, नाहीतर वगळलेल्यांपैकी किती जण खरंच आजारी होते हे कळणारच नाही. मला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच आहे. ज्याचे गुण आम्ही ‘हे तर कामाचं दमणं’ म्हणून खाली आणले, त्याच माणसाला कष्टानेच नैराश्य आलेलं असू शकतं. दमणूक आणि उदासी एकमेकांना पोसतात. पुरवणी प्रश्न अशा माणसाला लपवत असतील, तर ते फेकून द्यावे लागतील, मग ते कितीही आवडते असोत.

२४ फेब्रुवारी

अंतरिम अहवालाचा मसुदा. निधी देणाऱ्यांकडून एकाच आकड्याची मागणी आहे : किती टक्के कामगारांना नैराश्य? तो आकडा एकट्याने देणार नाही, असं लेखी कळवलं. चाळणीच्या प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे, आणि या टोळ्यांसाठी उंबरठा अजून ठरायचा आहे. मसुद्यात दोन्ही पद्धतींचे गुण, नऊ प्रश्नांची स्वतंत्र वाटणी, आणि त्याच माणसांनी सांगितलेले झोपेचे व कामाचे तास एका तक्त्यात आहेत. तीनच तास झोपायला मिळणाऱ्या माणसाच्या झोपेच्या गुणांवर उपाय समुपदेशनाचा की रात्रीची गाडी बंद करण्याचा, हे वाचणाऱ्याला त्या तक्त्यातून दिसायला हवं.

पुढची फेरी जूनमध्ये, त्यांच्या गावी. पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असेल, कोयते घरात असतील, पेरणीची गडबड असेल. तीच माणसं, तेच नऊ प्रश्न, तेच चिंचोके. गुण गावी खाली आले तर त्यातला कामाचा वाटा किती हे कळेल. गाव-तालुक्यांची यादी आणि मोबाइल क्रमांक उद्या टोळीनिहाय तपासून घ्यायचे. हंगाम संपला की निम्मे क्रमांक बदलतात.